शब्दाला एक सेंट

साहित्याची समीक्षा करण्याचा अधिकार मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसांना असतो, आणि त्यातल्या त्यात ज्यांना प्राध्यापकी मिळाली त्यांना तो जरा जास्त असतो, हे मला ठाऊक आहे. मी बी. कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात 'रस' नव्हता, 'घसारा' होता. 'आस्वाद' नव्हता, 'अंकेक्षण' होतं. त्यानंतर गेली वीस-बावीस वर्षं मी एका बँकेत कारकुनी करतो आहे. माणूस कसा आहे हे त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खात्याच्या उताऱ्याकडे बघून ठरवण्याची खोड मला तिथं लागली. मोठाल्या गाडीतून उतरणाऱ्या गृहस्थाच्या खात्यात किमान शिल्लक नसते आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसत रांगेत उभ्या असलेल्या आजोबांच्या नावावर सहा मुदत ठेवी असतात, हे एकदा पाहिलं की चेहऱ्यावरचा विश्वास उडतो तो उडतोच.

ही खोड मी पुस्तकं वाचतानाही सोडत नाही. लेखक कशावर जगत होता, हे पुस्तक लिहिताना त्याच्या खात्यात किती होते, उचल किती मिळाली, पुस्तक किती खपलं, हे कळल्याशिवाय मला पुस्तक पुरतं कळल्यासारखं वाटत नाही. अडचण अशी की आपल्याकडचे लेखक हा उतारा दाखवत नाहीत. मराठी लेखकासमोर मानधनाचा विषय काढून बघा, तो पंख्याकडे बघायला लागतो. हजार-अकराशेची आवृत्ती, ती संपायला लागलेली सहा वर्षं आणि वर्षाअखेर आलाच तर आलेला हिशेबाचा कागद, या सगळ्याबद्दल तो फक्त बायकोशी बोलत असावा. पैशाबद्दल बोललं की सरस्वती रुसते, असा काहीतरी त्यामागचा हिशेब आहे.

म्हणून मला आयझॅक असिमॉव्ह हा लेखक जवळचा वाटतो. हा विज्ञानकथा लिहिणारा अमेरिकन गृहस्थ. म्हणजे जन्मानं रशियातला, तीन वर्षांचा असताना 1923 साली आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. पाचशेच्या आसपास पुस्तकं त्याच्या नावावर आहेत. पण माझ्या लेखी त्याचं मोठेपण असं, की कुठली गोष्ट कुठल्या तारखेला कुणाला विकली आणि तिचे किती आले, हे त्यानं रोजनिशीत टिपून ठेवलं आणि पुढं चक्क छापून टाकलं. 1972 साली 'द अर्ली असिमॉव्ह' नावाचं त्याचं पुस्तक निघालं. त्यात सुरुवातीच्या कथा आहेत आणि प्रत्येक कथेच्या मागेपुढे तिची जमाखर्चाची नोंद आहे. नाकारली कुणी, किती वेळा, घेतली कुणी, दर काय. पहिल्या अकरा वर्षांची एकूण कमाई शेवटी बेरीज करून सेंटांसकट दिली आहे. ती आठ हजार डॉलरच्याही आत आहे. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा कथा नंतर वाचल्या, आधी नोंदी वाचून काढल्या. आमची ही म्हणाली, "अहो, लोक कथांची पुस्तकं वाचून हसतात किंवा रडतात. तुम्ही मान काय डोलावताय?"

मान डोलावण्यासारखंच होतं. बापाचं ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटं, विडीकाडी आणि वर्तमानपत्रांचं दुकान. सकाळी सहाला उघडायचं, रात्री एकला बंद. सुट्टी नाही. पोरगा शाळेच्या आधी पेपर टाकायचा आणि शाळेनंतर गल्ल्यावर बसायचा. विज्ञानकथांची भडक मुखपृष्ठाची मासिकं त्याच दुकानात विकायला असायची, पण ती विकायची, वाचायची नाहीत असा तीर्थरूपांचा दंडक. 1929 साली एका मासिकाच्या नावात 'सायन्स' हा शब्द होता तो पोरानं बापाला दाखवला. बापाला वाटलं, अभ्यासाचं असेल. (अभ्यासाच्या पुस्तकात काय काय लपतं हे बापांना सर्व देशांत सारखंच उशिरा कळतं.) मासिक परत विकायचं असल्यामुळे त्याची घडी मोडू न देता ते वाचावं लागे. पुढं आयुष्यभर हा माणूस सकाळी लवकर टंकलेखन यंत्रावर बसायचा तो रात्रीपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस. त्याचं कारण विचारलं की तो 'प्रतिभा' वगैरे म्हणत नसे. दुकानाची वेळ अंगात भिनली, एवढंच सांगायचा.

1938 च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यानं पहिली कथा पुरी केली. ती संपादकाकडे टपालानं पाठवावी की स्वतः नेऊन द्यावी? वडील म्हणाले, स्वतः जा. हिशेब केला तर भुयारी रेल्वेचं जाण्यायेण्याचं भाडं टपालखर्चापेक्षा थोडं कमीच पडत होतं. तेव्हा तो गेला, आणि 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांच्यासमोर उभा राहिला. कॅम्पबेलनी तासभर गप्पा मारल्या आणि कथा साभार परत केली. दोन सेंट वाचवायला गेलेल्या पोराला गुरू मिळाला. यापुढं तो दर महिन्याला नवी कथा घेऊन जायचा, जुनी परत घेऊन यायचा. पहिली विक्री ऑक्टोबरमध्ये झाली, तीही दुसऱ्याच मासिकाला. 6,400 शब्द, 64 डॉलर. शब्दाला एक सेंट.

शब्दाला एक सेंट हा त्या काळातल्या अमेरिकेतल्या विज्ञानकथेचा बाजारभाव होता. वाङ्मयाला असा मापानं दर लावल्याचं ऐकून आपल्याकडे कुणाकुणाच्या अंगावर काटा येईल. माझ्या आला नाही. मला एकच शंका आली: शब्दावर पैसे मिळत असतील तर माणूस शब्द वाढवणार नाही का? टॅक्सीवाला लांबचा रस्ता घेतो तसा? आणि इथं मौज आहे. या माणसानं ज्या काळात शब्दागणिक पैसे घेतले, त्या काळातलं त्याचं लिखाण सर्वांत आटोपशीर आहे. शब्दाचा दर कमी असला तरी संपादकाचा कात्रीवरचा हात घट्ट होता, हे त्याचं कारण असावं.

त्याच्या आयुष्यातला माझा सर्वांत आवडता प्रसंग 1941 सालचा आहे. 'नाइटफॉल' नावाची कथा त्यानं कॅम्पबेलना दिली. सहा सूर्य असलेला एक ग्रह आहे, तिथं कधी रात्रच होत नाही आणि दोन हजार वर्षांतून एकदा ती होते, तेव्हा काय होतं याची ही कथा. कथा घेतली गेली आणि चेक आला. पोरानं शब्द मोजले, एक सेंटानं गुणले, आणि चेकवरची रक्कम जास्त भरली. तेव्हा त्यानं संपादकाला फोन करून कळवलं, की तुमच्या हिशेबनिसांची काही गफलत झालेली दिसते. गफलत नव्हती. कथा इतकी आवडली म्हणून कॅम्पबेलनी न सांगता शब्दाला पाव सेंट वाढवून दिला होता.

मी वीस-बावीस वर्षं काउंटरवर आहे. खात्यात पैसे कमी जमा झाले म्हणून माझ्यासमोर मूठ आपटणारी माणसं मी मोजलेली नाहीत, ती मोजता येणारही नाहीत. जास्त जमा झाले म्हणून आपण होऊन सांगायला आलेली माणसं मात्र मला नावानिशी आठवतात, कारण ती दोन आहेत. त्यातल्या एक बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि दुसरे गृहस्थ चुकून दुसऱ्याच शाखेत आले होते. 'नाइटफॉल' ही असिमॉव्हची श्रेष्ठ कथा आहे की नाही यावर मतभेद आहेत. मला ती शेवटच्या दोन पानांपुरती श्रेष्ठ वाटते आणि त्याआधी तिच्यातली शास्त्रज्ञ मंडळी सभागृहातल्या सभासदांसारखी एकेकजण उठून बोलतात असं वाटतं. पण तिचा तो चेक श्रेष्ठ होता याबद्दल वाद नाही.

आता 'फाउंडेशन'. हे त्याचं मुख्य काम. एक बारा हजार वर्षांचं साम्राज्य आहे, आकाशगंगाभर पसरलेलं. ते कोसळणार असं हॅरी सेल्डन नावाचा गणिती हिशेबानं सिद्ध करतो. त्याचं शास्त्र असं की एक माणूस पुढं काय करेल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी माणसं मिळून काय करतील हे सांगता येतं. समीक्षकांनी या कल्पनेचं मूळ वायूंच्या भौतिकशास्त्रात दाखवलं आहे, खुद्द लेखकानंही तेच सांगितलं आहे. तरी माझ्यासारख्याला ती बघताक्षणी ओळखीची वाटली, कारण ती आयुर्विम्याची कल्पना आहे. अमुक एक विमेदार यंदा जाईल का, हे विमा कंपनीला माहीत नसतं. एक लाख विमेदारांतले साधारण किती जातील हे तिला माहीत असतं, आणि त्या माहितीवर तिच्या इमारती उभ्या आहेत. हॅरी सेल्डन हा साम्राज्याचा विमागणिती. साम्राज्याचा विमा उतरवणं शक्य नाही असं बघून त्यानं निदान त्याच्या वारसांची सोय केली. या दृष्टीनं वाचलं तर 'फाउंडेशन'मधली माणसं पुठ्ठ्याची का आहेत याचा उलगडा होतो. विम्याच्या तक्त्यात कुणाचा चेहरा काढत नाहीत. मग 1945 साली कॅम्पबेलनी आग्रह धरला की हा सेल्डनचा बेत एकदा मोडून दाखव. असिमॉव्ह कुरकुरला, पण त्यानं 'म्यूल' हे पात्र आणलं: एकटा, विद्रूप, कुणाच्याही मनात भक्ती पेरू शकणारा माणूस. तक्त्यात न बसणारा दावा. संपूर्ण मालिकेतला हा एकच माणूस असा आहे की ज्याच्या दुःखाची मला झोपताना आठवण झाली आहे. आणि तो संपादकाच्या मागणीवरून आलेला आहे. प्रतिभेच्या स्वातंत्र्याबद्दल बोलणाऱ्यांनी ही नोंद आपल्या वहीत करून ठेवावी.

या मालिकेचा धंदा मात्र पहिल्या दहा वर्षांत फार वाईट झाला. कथा 1942 ते 1950 या काळात मासिकात आल्या. डबलडे या मोठ्या प्रकाशकानं 1950 साली त्याची पहिली कादंबरी 'पेबल इन द स्काय' काढली होती, पण 'फाउंडेशन' म्हणजे मासिकात येऊन गेलेला शिळा माल म्हणून त्यांनी नको म्हटलं. तेव्हा नोम प्रेस नावाच्या एका चिमुकल्या प्रकाशनानं 1951 ते 53 मध्ये तीन भाग काढले. त्याआधी 'आय, रोबॉट'ही त्यांनीच काढलं होतं. (नाव प्रकाशकानं ठेवलं. लेखकाला 'माइंड अँड आयर्न' असं नाव हवं होतं. त्या नावानं पुस्तक किती खपलं असतं हे सांगायला सेल्डन लागत नाही.) नोम प्रेसकडे चांगली पुस्तकं ओळखायची नजर होती आणि पैसे द्यायची सवय नव्हती. रॉयल्टीचा हिशेब मागितला की हिशेबच तयार नसायचा. पुस्तक वाचकाच्या हातात आहे, लोक वाखाणताहेत आणि लेखकाच्या खात्यात काही नाही, अशी ती दहा वर्षं. मधल्या काळात 'फाउंडेशन'ची कापूनकुपून एक स्वस्त आवृत्ती 1955 साली निघाली, तिचं नाव 'द थाउजंड इयर प्लॅन'. नाव ऐकून मला तरी ती पाटबंधारे खात्याची वाटते. शेवटी 1961 साली डबलडेनं सगळे हक्क सोडवून घेतले आणि तिथून पुस्तकाचं व्याज सुरू झालं. 1966 साली सर्वोत्तम मालिकेचं खास ह्यूगो पारितोषिक 'फाउंडेशन'ला मिळालं. ते टोल्किनच्या अंगठीच्या मालिकेसाठीच काढलं असावं, अशी विजेत्याचीसुद्धा समजूत होती.

पुस्तक खपवायला लेखकानं काय करावं, याबद्दल हल्ली फार बोललं जातं. या माणसाची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. विमानात बसायला तो घाबरायचा; आयुष्यात दोनदाच बसला, तेही युद्धाच्या सुमाराला सरकारी कामात. अंतराळातून पानोपानी यानं उडवणारा लेखक आगगाडीनं आणि बोटीनं जाईल तिथंच जायचा. म्हणजे गावोगाव हिंडून सह्या देणं बाद. त्याऐवजी तो पत्रांना उत्तरं द्यायचा. त्याच्या भावानं पुढं हिशेब दिला आहे, सुमारे एक लाख पत्रं आली आणि नव्वद हजारांना उत्तरं गेली, पुष्कळशी साध्या कार्डावर. चिटणीस नाही, पहिली काही वर्षं सोडली तर दलालही नाही. टंकलेखन स्वतः, मुद्रितं स्वतः, पुस्तकामागची सूचीसुद्धा स्वतःच. एका कार्डानं एक वाचक जन्माचा बांधला जातो हे त्याला दुकानात कळलं असणार. उधारीवर न देता गिऱ्हाईक टिकवायची ती एकच युक्ती आहे.

दुसरी युक्ती म्हणजे स्वतःबद्दल बोलणं. प्रत्येक कथेला प्रस्तावना, प्रस्तावनेत आपण किती हुशार आहोत याचा हसतखेळत उल्लेख. 1977 साली त्याच्या नावाचं मासिक निघालं, त्याच्या पहिल्या अंकावर त्याचाच कल्लेदार चेहरा होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो संगणकाच्या जाहिरातीतही झळकला. हे सगळं मला आवडतं. पण त्याच्या या मनमोकळ्या, गमत्या प्रतिमेखाली एक गोष्ट खपवली गेली, ती इथं लिहिलीच पाहिजे. संमेलनांत तो बायकांच्या अंगचटीला जायचा, आणि ते सर्वांना माहीत असून 'आयझॅकच्या गमती' म्हणून चालवलं गेलं. ज्या बायकांना गंमत वाटली नाही, त्यातल्या काहींनी पुढं तसं स्पष्ट सांगितलं. ताळेबंदात दोन बाजू असतात. एक बाजू झाकून सही करायची मला परवानगी नाही.

टोपणनावाचीही एक गंमत आहे. 1952 पासून त्यानं मुलांसाठी सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यावर नाव घातलं पॉल फ्रेंच. कारण त्यावरून दूरदर्शन मालिका निघणार होती आणि ती भिकार निघाली तर आपलं नाव खराब व्हायला नको. मालिका निघालीच नाही, खोटं नाव उगाच घातलं. या ठिकाणी आपले जयंत नारळीकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. एकानं आपलं नाव बदनाम होऊ नये म्हणून लपवलं, दुसऱ्यानं आपल्या नावानंच बक्षीस मिळू नये म्हणून. नारळीकरांच्या कथेला बक्षीस मिळालं. वाणिज्यदृष्ट्या बघाल तर दोघांनीही नुकसानच केलं, पण नारळीकरांचं नुकसान मला जास्त श्रीमंत वाटतं.

1958 साली असिमॉव्हनं बॉस्टन विद्यापीठातलं शिकवणं सोडलं. हुद्दा ठेवला, पगार सोडला. लिखाणाची कमाई पगारापुढं 1952 सालीच गेलेली होती. म्हणजे तो सहा वर्षं थांबला. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हायचं स्वप्न बघणाऱ्या आमच्या शाखेतल्या एका तरुण मित्राला मी हा आकडा दोनदा सांगितला आहे. आणि नोकरी सोडून त्यानं काय केलं? विज्ञानकथा जवळजवळ बंद केल्या. रशियानं 1957 साली स्पुटनिक सोडल्यापासून सामान्य माणसाला विज्ञान समजावून सांगणं अधिक निकडीचं आहे असं त्याला वाटू लागलं होतं, आणि ते खरंच असणार. पण उताऱ्यात दुसरंही एक दिसतं. कादंबरी म्हणजे शेअर. चढला तर चढला. रसायनशास्त्रावरचं, बायबलवरचं, शेक्सपिअरवरचं माहितीपुस्तक म्हणजे आवर्ती ठेव. दरमहा थोडं, पण दरमहा. गल्ल्यावर वाढलेल्या पोरानं आवर्ती ठेव निवडली यात मला नवल वाटत नाही. मधून 1972 साली 'द गॉड्स देमसेल्व्हज्' ही कादंबरी आली. तिच्या मधल्या भागातले परग्रहावरचे जीव त्यानं निर्माण केलेल्या बहुतेक माणसांपेक्षा जास्त माणसं आहेत. ती वाचली की वाटतं, या गृहस्थानं ठेवी मोडून थोडे शेअर आणखी घ्यायला हवे होते.

1981 च्या जानेवारीत डबलडेकडून बोलावणं आलं. कादंबरी लिही. कादंबरी म्हणजे विज्ञानकादंबरी, आणि विज्ञानकादंबरी म्हणजे 'फाउंडेशन'चा पुढचा भाग, असं त्याला हळूहळू फोड करून सांगण्यात आलं. उचल 50,000 डॉलर. त्याच्या नेहमीच्या उचलीच्या दहापट. त्याला पहिली काळजी ही की एवढी रक्कम वसूल झाली नाही तर प्रकाशक बुडेल. (जगातल्या सर्व प्रकाशकांनी हे वाक्य चौकटीत लावावं.) मग त्यानं आपलीच जुनी पुस्तकं काढून वाचली, आणि त्याच्या ध्यानात आलं की यात काही घडतच नाही, नुसती माणसं बोलताहेत. तरी आपणही पान उलटतच राहिलो, हेही त्यानं प्रांजळपणे लिहिलं आहे.

'फाउंडेशन्स एज' 1982 साली निघालं. त्याचं ते 262 वं पुस्तक. वय 62. आमच्याकडे या वयात माणूस निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली असतात आणि तो जिल्हाभर लग्नं जमवत हिंडत असतो. त्या वयात हा पहिल्यांदा न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आला आणि 25 आठवडे राहिला. पुढल्या वर्षी कादंबरीला ह्यूगो मिळालं. माणसासाठी मला आनंद झाला. पुस्तक वाचून झाला नाही.

का, ते सांगतो. आमच्या बँकेच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत विलीनीकरणं झाली. दोन चांगल्या चालत्या बँका एक होतात तेव्हा वर्तमानपत्रात लिहून येतं की ताकद वाढली. काउंटरवर काय होतं? खातेक्रमांक बदलतो, चेकबुक बदलतं, गल्लीतली शाखा बंद होते आणि ओळखीचा कारकून दुसऱ्या गावी जातो. असिमॉव्हनं 1982 नंतर आपल्या दोन मालिकांचं असं विलीनीकरण केलं. रोबॉटची एक मालिका होती, साम्राज्याची एक. पहिलीत साम्राज्य नव्हतं, दुसरीत रोबॉट नव्हते, आणि कुणाची तक्रार नव्हती. आता 'द रोबॉट्स ऑफ डॉन', 'रोबॉट्स अँड एम्पायर', 'फाउंडेशन अँड अर्थ' अशी जाडजूड पुस्तकं आली, आणि हळूहळू कळू लागलं की वीस हजार वर्षं आर. डॅनील ऑलिव्हॉ हा एक रोबॉट पडद्यामागून सगळं चालवतो आहे. (अजून वाचायची असतील त्यांनी हे वाक्य विसरावं.) खपाच्या दृष्टीनं डोकं उत्तम. रोबॉटचा वाचक साम्राज्य विकत घेणार, साम्राज्याचा वाचक रोबॉट. पण मूळ पुस्तकात जे थरारक होतं ते हेच, की पडद्यामागं कुणीच नव्हतं. नुसतं गणित होतं. अब्जावधी साध्या माणसांची बेरीज, आणि ती बेरीज स्वतःच्या वजनानं चालत होती. दुसऱ्या फाउंडेशनचे मनोवैज्ञानिक आले तेव्हा त्याला थोडी खोट आली होतीच. आता तर वर एक साहेब निघाला, कायमचा, बदली न होणारा. सामान्य माणसांच्या बेरजेवरचा तो विश्वास लेखकानं नकळत मोडीत काढला, आणि माझी त्याच्यावरची खरी तक्रार ही आहे. पानं वाढली याची नाही. संवाद लांबले, जेवणाखाण्याची वर्णनं आली, सुंदर बायका आल्या, ते एक वेळ 50,000 डॉलरांच्या मानानं वजन भरून द्यायला आलं असं म्हणता येईल. कात्री धरणारा कॅम्पबेल 1971 सालीच वारला होता, आणि 25 आठवडे यादीत राहिलेल्या लेखकाला कात्री दाखवण्याची कुणाची छाती होणार? आमच्याकडेही मोठ्या खातेदाराची सही जुळत नसली तर मॅनेजर आधी चष्मा पुसतात.

इतकं बोलल्यावर शेवटच्या पुस्तकाबद्दल बोललं पाहिजे, कारण तिथं माझा उतारा वाचायचा ठोकताळा चालत नाही. 1983 साली असिमॉव्हच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा चढवलेल्या रक्तातून त्याला एड्सचा संसर्ग झाला. ही गोष्ट त्याच्या हयातीत बाहेर सांगितली गेली नाही. पत्नी जॅनेट यांनी ती 2002 साली प्रसिद्ध केली. 6 एप्रिल 1992 ला तो गेला. त्याच्या मागं 1993 साली 'फॉरवर्ड द फाउंडेशन' निघालं. आजारपणात लिहिलेलं.

त्यात हॅरी सेल्डन म्हातारा होत जातो. प्रत्येक भागात तो दहाएक वर्षांनी मोठा आणि एक माणूस उणा. बायको जाते, मुलगा जातो, मित्र जातो. सरकारी अनुदानासाठी तो दारोदार फिरतो, संशोधनाला पैसे मागतो आणि लोक त्याला ओळखतसुद्धा नाहीत. तरुण गुंड रस्त्यात अडवतात. पाय दुखतो. ग्रंथालयात एक खोली मिळावी म्हणून हा साम्राज्याचा भविष्यवेत्ता समितीपुढं अर्ज घेऊन बसतो. ते पान वाचताना मला आमच्याकडे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणारी निवृत्त मंडळी दिसली. आपण अजून आहोत हे सिद्ध करायला आलेली. तोवर सेल्डन म्हणजे काचेच्या पेटीतून बोलणारं गणित होतं. या पुस्तकात पहिल्यांदा त्याला खोकला येतो.

लेखकाला आता पैशाची गरज नव्हती आणि हिशेब बघायला तो असणार नव्हता. पुस्तकाला जागोजाग घाईचे टाके दिसतात, काही प्रसंग नुसते उरकलेले आहेत, कारस्थानं तर मुलांच्या नाटकातली वाटतात. पण म्यूलनंतर त्या मालिकेत मला भेटलेला दुसरा माणूस हा म्हातारा. 2021 पासून 'फाउंडेशन'ची मोठी खर्चिक चित्रमालिका निघते आहे, ती मी थोडी पाहिली. यानं दिमाखदार आहेत, वाळवंटं दिमाखदार आहेत. आमच्या हिला आवडते. मी अधूनमधून उठून ते शेवटचं पुस्तक काढतो आणि ग्रंथालयातल्या खोलीचं पान पुन्हा वाचतो. प्रत माझी रद्दीवाल्याकडून चाळीस रुपयांना घेतलेली आहे. लेखकाला त्यातला एक सेंटही गेलेला नाही.